मास्तरीण आणि नर्सबाई

दरवर्षी १२ मे आला की वर्तमानपत्रांत परिचारिकांचे फोटो येतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा तो जन्मदिवस (१८२०). कुठे पुढारी गुलाबाचं फूल देतात, कुठे मेणबत्त्या लावून शपथ होते, आणि 'सेवेची मूर्ती' हे शब्द हमखास छापून येतात. मूर्तीला पगार लागत नाही, झोप लागत नाही, हे आपल्या फार सोयीचं आहे म्हणा!

त्या फोटोत ज्या नसतात, म्हणजे ज्यांनी ही नोकरी सोडली, त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३९ वर्षं काढली. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली नर्स झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी पाच-दहा वर्षांत सोडूनही दिलं. शिक्षिका झालेल्या मात्र टिकल्या. हे का व्हावं?

आमच्या पिढीला हा प्रश्न फार जवळचा आहे. मी १९६८ ची मॅट्रिक. बुलढाणा जिल्ह्यात तेव्हा मॅट्रिक झालेल्या मुलीपुढे लग्न सोडून दोनच वाटा होत्या. डी.एड. करून मास्तरीण व्हायचं, नाहीतर नर्सिंगला जायचं. दोन्हीकडे सरकारी पगार, दोन्हीकडे बदली, दोन्हीकडे खेड्यात राहणं. शिक्षणही जवळपास सारखंच. पण मला डी.एड.ला पाठवताना वडिलांनी पेढे वाटले, आणि माझ्याच बाकावरची मैत्रीण ए.एन.एम.च्या प्रशिक्षणाला गेली तेव्हा तिच्या आईने गावात "पुढच्या शिक्षणाला गेली" एवढंच सांगितलं. कसलं शिक्षण, ते नाही. (मैत्रिणीचं नाव लिहीत नाही. तिच्या सुना हे वाचतात.)

गावातल्या बायका मला 'बाई' म्हणत आणि तिला 'नर्सबाई'. या एका शब्दाच्या फरकात शंभर वर्षांचा इतिहास आहे असं मला वाटतं.

तो इतिहास थोडा सांगते. आपल्याकडे बाळंतपण सुईणीचं आणि आजारपण घरातल्या बायकांचं. परक्या माणसाचं शरीर धुणं-पुसणं, मलमूत्र काढणं हे काम जातीच्या उतरंडीत अगदी खाली टाकलेलं. त्यात परपुरुषाला हात लावणं. त्यामुळे इंग्रजांनी दवाखाने काढले तेव्हा डॉक्टर व्हायला आपली मुलं तयार होती, पण शुश्रूषेला माणूस मिळेना. मुंबईचं जे.जे. रुग्णालय १८४५ चं. बायकांसाठीचं कामा रुग्णालय १८८६ चं. तिथे १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणासाठी आल्या, त्या पहिल्या भारतीय परिचारिका असं नर्सिंगच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन पाच वर्षं झाली होती तेव्हा. आनंदीबाईंवर कादंबरी आहे, नाटक आहे, सिनेमा आहे. काशीबाईंचं आपल्याला नावापलीकडे काय माहीत आहे?

१८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाचा फंड निघाला आणि ठिकठिकाणी बायकांचे दवाखाने झाले. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला आपल्याकडचे लोक अजूनही 'डफरीन'च म्हणतात. मिशनच्या दवाखान्यांनी काम आणखी पुढे नेलं. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९७ मध्ये नर्सिंगची शाळा सुरू केली. या शाळांत शिकायला आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली. त्यांना हा धंदा नवं आयुष्य देणारा होता. पण बाकीच्या समाजाने त्यावर छाप मारली, की हे काम आपल्यातलं नाही.

मग रमाबाई रानडे आल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघालं आणि तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. त्यांतल्या कितीतरी जणी विधवा होत्या. त्या काळातलं पुणं डोळ्यांसमोर आणा म्हणजे हे केवढं धाडस होतं ते कळेल. पण त्यातच एक मेख आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. नर्सिंगला कोण पाठवली गेली? जिला घर नाही, नवरा नाही, आईबाप नाहीत, ती. म्हणजे हे काम 'निवडायचं' नव्हतं, 'नाइलाजाने पत्करायचं' होतं. आणि नाइलाजाचं काम नाइलाज संपला की सुटतं. लग्न ठरलं, नवऱ्याचा पगार वाढला, मुलगा कमावता झाला, की पहिली सुटते ती नर्सिंगची नोकरी. शिक्षिकेची सुटत नाही, कारण ती मिरवता येते.

गंमत अशी की आपल्या पहिल्या शिक्षिकेला हा भेद मान्य नव्हता. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आम्ही शिक्षक दर ३ जानेवारीला त्यांच्या फोटोला हार घालतो. पण त्यांच्या आयुष्याचा तो शेवटचा धडा शाळेत दोन ओळींत उरकतो.

असो. मूळ मुद्द्यावर येते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. सगळ्या हिंदुस्थानात मिळून सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक! समितीला हवी होती ५०० माणसांमागे एक. एवढ्या नर्सेस तयार करायला वेळ लागणार, म्हणून पन्नासच्या दशकात ए.एन.एम. हा छोटा अभ्यासक्रम आला. दोन वर्षांत शिकायचं आणि खेड्यात जायचं. तुमच्या-माझ्या गावची नर्सबाई ती हीच. पुढे तिचं नाव 'आरोग्यसेविका' झालं. १९७३ च्या करतारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करायचं ठरवलं. बहुउद्देशीय म्हणजे काय, तर सगळं तिनेच करायचं. बाळंतपणं, लसी, हिवतापाच्या गोळ्या, पाण्याचे नमुने, रजिस्टरं आणि कुटुंब नियोजन. पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, त्यात ती एकटी.

माझी मैत्रीण १९७१ पासून अशाच एका ठिकाणी होती. सासर घाटावर, नोकरी घाटाखाली. (बाहेरच्या वाचकांसाठी : आमच्या जिल्ह्याचे हे दोन भाग. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद घाटाखाली. घाटाखाली ऊन जास्त, आणि त्या काळी एस.टी. कमी.) 'मुख्यालयी' राहणं सक्तीचं, पण मुख्यालय म्हणजे एका वाड्यातली भाड्याची खोली. रात्री-बेरात्री दार वाजायचं. दारात बाळंतिणीचा नवरा आहे की गावातला कोणी पिऊन आलेला, हे दार उघडल्यावरच कळणार. आणि न उघडून चालत नाही, कारण बाई अडलेली असू शकते. मीही त्याच काळात परगावी एकटीने राहत होते. पण माझ्या दारावर सूर्य मावळल्यावर थाप पडली असती तर गाव धावलं असतं. शिक्षिकेचं दार रात्री बंद असतं, हे सगळ्यांना मान्य होतं.

मग आणीबाणी आली. १९७५-७७ मधलं नसबंदीचं प्रकरण आमच्या पिढीला चांगलं आठवतं. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. तेव्हा आम्हा शिक्षकांनाही 'केसेस' आणायला सांगत. केस म्हणजे ऑपरेशनला तयार झालेलं माणूस. आम्ही पाटी-पुस्तक ठेवून विहिरीवर, पारावर बायकांची मनधरणी करायचो. लाज वाटायची. पण १९७७ नंतर आमच्या मागचा तो तगादा सैल झाला. नर्सबाईच्या मागचा नाही झाला. तिचं टार्गेट चालूच राहिलं, ते कागदोपत्री रद्द झालं एप्रिल १९९६ मध्ये. तब्बल वीस वर्षं! या वीस वर्षांत गावाने तिला बाळंतपण करणारी म्हणून कमी आणि ऑपरेशनला धरून नेणारी म्हणून जास्त ओळखलं. ती गल्लीत शिरली की बायका मागच्या दाराने शेतात जायच्या. जिच्या हातावर त्यांची पोरं जन्मली, तिलाच. मार्चअखेर टार्गेट भरलं नाही की मेमो, वेतनवाढ रोखणं.

नोकरी सोडण्याची कारणं विचारली की लोक पगार म्हणतात. पगार आहेच. पण ज्या कामासाठी शिकलो त्याऐवजी भलतंच काम गळ्यात पडतं आणि त्यापायी माणसांचा विश्वासही जातो, हे पगारापेक्षा जास्त खातं असं मला माझ्या मैत्रिणीकडे पाहून वाटलं.

याच सुमारास मुंबईत अरुणा शानबाग यांचं घडलं. २७ नोव्हेंबर १९७३. के.ई.एम. रुग्णालयातली २५ वर्षांची परिचारिका, ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली असताना तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. त्यानंतर ४२ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. आरोपीला शिक्षा झाली ती लूट आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षांची. बलात्काराचं कलम लागलंच नाही. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. एवढी वर्षं त्यांना भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या त्या रुग्णालयातल्या परिचारिकाच होत्या. काही जणी निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण तो वसा सुटला नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही, दयामरणाबद्दल अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा, असं म्हटलं.

ही गोष्ट आपण परिचारिकांच्या मायेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला तिची दुसरी बाजू दिसते. १९७३ च्या त्या बातमीनंतर किती आईबापांनी आपल्या पोरींना परत बोलावलं असेल? तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला अरुणा शानबागचं नाव पुन्हा काढावं लागलं. मधे पन्नास वर्षं गेली, आणि रात्रपाळीतल्या बाईने घटकाभर पाठ कुठे टेकायची हा प्रश्न तसाच!

आता नव्या पिढीचं. १९९० नंतर खासगी रुग्णालयं आणि खासगी नर्सिंग कॉलेजं दोन्ही वाढली. माझी एक विद्यार्थिनी कर्ज काढून जी.एन.एम. झाली आणि औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका खासगी दवाखान्यात लागली. पगार हाती पडायचा पाच हजार. मूळ प्रमाणपत्रं दवाखान्याने ठेवून घेतलेली, दोन वर्षांचा बॉण्ड. आधी सोडायचं तर पैसे भरा. २०११ मध्ये अशाच बॉण्डच्या प्रकरणातून मुंबईत केरळच्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली आणि सहकारी मुली संपावर गेल्या. त्याच वर्षी भारतीय नर्सिंग परिषदेने बॉण्डची पद्धत बंद करायला सांगितलं. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली, की ५० खाटांहून लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांच्या खाली देऊ नये, आणि २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतकं द्यावं. शिफारसच ती. ओळखीच्या दवाखान्यात जाऊन सिस्टरला हळूच विचारून पाहा, किती मिळतात.

माझ्या त्या विद्यार्थिनीने बॉण्ड पुरा केला आणि घरी आली. आता चिखलीत तिचं शिलाईचं दुकान आहे. गल्लीतल्या बायका ब्लाउज शिवायला येतात आणि बी.पी. तपासून घेऊन जातात. शिलाईचे पैसे घेते, बी.पी.चे नाही.

सरकारी नोकरीत पगार बरा. पण तिथे माणूस कमी. नर्सिंग परिषदेचा दंडक आहे की साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तीनमागे एक. रात्री कुठल्याही सरकारी वॉर्डात चक्कर मारा आणि स्वतः मोजा. आणि काही विपरीत घडलं की जबाबदारी उतरत उतरत तिच्यापाशी येऊन थांबते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागून दहा तान्ही बाळं गेली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, तेव्हा एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली. हलगर्जी कोणाची हे न्यायालयाने ठरवावं, माझा तो अधिकार नाही. पण वॉर्डातल्या विजेच्या तारा आणि आग विझवायची यंत्रणा सिस्टरच्या ताब्यात असतात का? ज्या बायकांसाठी वर्षभरापूर्वी आपण थाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी हे पाहिलं, आणि त्यांच्या घरच्यांनीही पाहिलं. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून भरती करायच्या धोरणाविरुद्ध राज्यभरच्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. कंत्राटी सिस्टर, कंत्राटी पगार, आणि चूक झाली तर जबाबदारी मात्र कायमची.

आता घरच्या मंडळींसाठी. तुम्हाला ठाऊकच आहे मी हे आत्ता का लिहितेय. धाकट्या बहिणीची नात बारावी झाली, तिला बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय, आणि आठ दिवस आपल्या ग्रुपवर जे चाललंय ते मी चष्मा लावून सगळं वाचलंय. "एवढे मार्क असून नर्स?" असं एका भाऊजींनी लिहिलं. भाऊजी, तुमच्या बायपासनंतर तीन रात्री तुमच्या उशाशी कोण होतं, ते एकदा आठवून पाहा. डॉक्टर सकाळी पाच मिनिटं येत होते. "लग्न जमणार नाही" असं एका वहिनीने म्हटलं. वहिनी, केरळात याच शिक्षणावर मुलींनी घरं उभी केली. १९७३ च्या तेलाच्या भाववाढीनंतर आखाती देशांत दवाखाने वाढले, तेव्हा तिकडे गेल्या त्या मुख्यतः मल्याळी मुली. नर्सची नोकरी ही तिथे लग्नाच्या बाजारात जमेची बाजू झाली, आपल्याकडे ती लग्नानंतर सोडायची गोष्ट राहिली. आता २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आणि आपल्या बुलढाण्यात त्याच वर्षी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. खाटा वाढतील, त्यांच्या उशाशी कोणीतरी लागेलच ना?

पण पोरीलाही मी एकट्याला घेऊन सांगितलं, की जायचं तर डोळे उघडे ठेवून जा. मूळ प्रमाणपत्र कोणाच्या हाती द्यायचं नाही. न वाचता सही करायची नाही. वहीत जे लिहिशील ते वेळेसकट लिही. देशात ३३ लाखांहून जास्त नर्सिंग कर्मचाऱ्यांची नोंद आहे म्हणे, पण नोंद असणं आणि वॉर्डात असणं यात फरक आहे. त्या आकड्यात परदेशी गेलेल्या आहेत, घरी बसलेल्या आहेत, माझी शिलाईवाली विद्यार्थिनीही आहे. जा, पण सोडून यायची वेळ आली तर ते तुझं अपयश समजू नको. तिने मान डोलावली. समजलं की नाही ते कळायला दहा वर्षं लागतील, तोवर मी नसेनही.

मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. तिने १९८५ मध्ये राजीनामा दिला, चौदा वर्षांच्या नोकरीनंतर. राजीनामा दिला की मागची सगळी नोकरी पेन्शनसाठी बुडते, हा नियम तिला माहीत होता. मला दर महिन्याला पेन्शन येते, तिला एक पैसा नाही. हे लिहायच्या आधी तिला फोन करून विचारलं, "तू नोकरी का सोडलीस?" ती म्हणाली, "राजीनामा म्या देल्ला वं, पन नोकरी कोनापायी सुटली ते इचार." मग तिने एकेक सांगितलं. रोखलेली वेतनवाढ, घाटावर बदलीचे अकरा अर्ज, मोठ्याला गोवर निघाला तेव्हा दुसऱ्यांच्या मुलांना लस टोचत फिरणं, सासूची बोलणी, रात्रीचं दार.

राजीनाम्याचा कागद घेऊन ती सकाळी निघाली होती, तर शेजारच्या वस्तीवरून बैलगाडी आली. पहिलटकरीण होती, मूल आडवं. मलकापूरला न्यायला वाहन नाही. दुपारी दोनपर्यंत ती तिथेच होती, आणि मग तसंच जाऊन तिने कागद दिला. मुलगा झाला होता. तो आता मोताळ्याला कृषी केंद्र चालवतो, आणि बियाण्याचं दुकान असल्यामुळे जूनमध्ये त्याला बोलायला वेळ नसतो, असं ती म्हणाली.